अंकल सोलच्या गिटारीची बटणं

अंकल सोलची जुळणी माझ्या हातून गेली, हे तुमच्या कानावर आलंच असेल. नसेल आलं तर आमच्या शेजारच्या मेडेरोसबाई आजारी असणार. एरवी हवाईतल्या आमच्या काइमुकीत असा माणूस उरलेला नाही, ज्याला वेन्डेल आकानाने काय करून ठेवलं ते त्यांनी कुंपणावरून सांगितलेलं नाही. त्यांच्या तोंडून ऐकलं असेल तर मी तुम्हाला धसमुसळा आणि दुसऱ्याच्या वस्तूत नाक खुपसणारा वाटलो असेन. यातलं काहीही खरं नाही. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटर दुरुस्तीचा प्रमुख होतो आणि निवृत्त होईपर्यंत माझ्या हातून साधी चकतीसुद्धा हरवली नाही. जे झालं ते माझ्या सभ्यपणामुळे झालं. मी जरा कमी सभ्य असतो, तर ती जुळणी आज जगात असती.

जुळणी म्हणजे कुठली तार कुठल्या सुरात लावायची ते. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची गिटार. तिचा सगळा जीव त्या जुळणीत. आमच्याकडच्या जुन्या वादकांनी आपापली जुळणी स्वतःच बसवलेली असायची, आणि ती ते कुणाला दाखवायचे नाहीत. वाजवून झालं, की आधी खुंट्या पिळून सगळ्या तारा सैल करायच्या, मग गिटार खाली ठेवायची आणि मगच जेवणाच्या पानाकडे बघायचं. अंकल सोल तर तारा लावताना भिंतीकडे तोंड करून बसत. लग्न असो, बारसं असो, शेवटचं गाणं संपायचं, टाळ्या पडायच्या, आणि टाळ्या चालू असतानाच त्यांचा डावा हात खुंट्यांवर गेलेला असायचा. कुणी फार जवळ सरकलंच, तर गोड आवाजात विचारायचे, "काय रे, तुला कुणी जेवायला वाढलं नाही वाटतं?"

उभ्या आयुष्यात फक्त एकदा त्यांनी तारा सैल केल्या नाहीत. वाइमानालोतल्या आपल्या घरी ओसरीवर वाजवत बसले होते. त्यांच्या बायकोने, आंटी एल्विनाने, जेवायला हाक मारली. "आलो, पण जेवून परत बसायचंय," म्हणत त्यांनी गिटार तशीच पेटीत ठेवली. जेवता जेवता छातीत कळ आली आणि अंकल गेले. तेव्हापासून ती जुळणी त्या पेटीत, त्या सहा तारांवर, तशीच होती. आणि आंटीखेरीज हे कुणालाही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. तुम्हाला आता ठाऊक झालंय, म्हणजे इथून पुढे तुम्ही माझ्यापेक्षा शहाणे आहात. तेवढा शहाणपणा तेव्हा मला कुणी उसना दिला असता, तर मी त्याचे पाय धुऊन पाणी प्यायलो असतो.

आंटी एल्विना माझ्या बायकोची, नोहेआची, सख्खी मावशी. गेल्या वर्षी एका रविवारी चर्चनंतर आम्ही तिच्याकडे गेलो होतो. तिने पेटी आणून माझ्या पुढ्यात ठेवली.

"वेन्डेल, याची बटणं गेलीत बघ."

बटणं म्हणजे खुंटी पिळताना बोटात धरायची ती टोकं. एके काळी सायीच्या रंगाची असतील. आता जुन्या चीजसारखी झाली होती. बोट लावलं की भुगा पडत होता. दोन तर नुसत्या लोखंडी काड्याच उरल्या होत्या.

"माझ्या ऐंशीव्या वाढदिवसाला मोझेस वाजवणार आहे," आंटी म्हणाली. मोझेस म्हणजे तिचा पुतण्या; किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात पाहुण्यांपुढे वाजवतो. "तोवर नीट करून दे. तुझे हात बरे आहेत. पण जपून हं."

"आंटी, तुम्ही निर्धास्त राहा," मी म्हणालो.

त्या 'जपून'मध्ये काय काय होतं, ते तिने सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? जुळणीविषयी बोलायचंच नसतं. तिला वाटलं, वेन्डेल घरचा आहे, त्याला कळेल.

घरी येऊन मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर धुतलेला टॉवेल अंथरला, चष्मा पुसला, पेटी उघडली आणि हबकलोच. तारा ताणलेल्या होत्या! अंकल सोलची गिटार आणि तारा ताणलेल्या! माझं डोकंच फिरलं. कुणीतरी आंटीच्या नकळत हात लावलेला दिसत होता. मला तर सरळ मोझेसचाच संशय आला. हॉटेलात वाजवणाऱ्या माणसाचा काय भरवसा. पण ते जाऊ दे. माझ्यापुढे प्रश्न होता सभ्यतेचा. अंकलची काही जुळणी यात उरली असेल, तर ती ऐकणं म्हणजे दुसऱ्याच्या न्हाणीघराच्या दारातून आत बघणं. मी रेडिओ मोठा केला, पक्कड घेतली, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि एकेक खुंटी उलटी फिरवत सगळ्या तारा सैल करून टाकल्या. चुकून एकही स्वर कानावर पडू दिला नाही.

नोहेआ आत आली. "हे काय चाललंय? बातम्या इतक्या मोठ्याने कशाला?"

"अंकलची अब्रू झाकतोय," मी भिंतीकडे बघतच म्हणालो.

तिने तारा बघितल्या आणि तिचे डोळे भरून आले. "बरं केलंस," ती म्हणाली. "आमच्या घरच्या माणसांनाही हे सुचलं नसतं."

मला त्या क्षणी फार धन्य वाटलं होतं. ते आठवलं, की अजूनही अंगावर गार पाणी पडल्यासारखं होतं.

पुढचा सगळा गोंधळ या कामगिरीनंतरचा. म्हणजे बघा, घर जळून गेल्यावर मी खिडक्यांच्या काचा पुसत बसलो होतो.

आमच्या डाव्या बाजूला मोरिकावा राहतात. त्यांनी आयुष्यभर दातांच्या कवळ्या बनवल्या. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या गॅरेजमध्ये सगळं सामान तयार असतं आणि कुणाचा तरी दात पडावा म्हणून ते वाट बघत असतात. बटणं बघून त्यांचा चेहरा खुलला.

"आकाना, विकत कशाला घेता? मी साच्यातून काढून देतो. माझ्या कवळीने लोक कणसं खातात. तुमच्या खुंट्या काय चीज आहेत!"

नाही म्हणायची सोय नव्हती, कारण ते दर आठवड्याला आम्हाला त्यांच्या झाडाची पपई देतात. त्यांनी तीन दिवस खपून सहा बटणं आणून दिली. गुळगुळीत, मजबूत, सारखी. आणि हिरड्यांसारखी गुलाबी. पांढरा मसाला संपला होता, म्हणे. ती लावल्यावर गिटार आपल्याकडे बघून कवळी दाखवत हसतेय असं वाटायचं. नोहेआने तिच्यावर टॉवेलच टाकला.

"उद्या पांढरा मसाला मिळेल," मोरिकावा म्हणाले. "पण तो फक्त पुढच्या दातांना वापरतात. चालेल?"

एवढ्यात मेडेरोसबाई गोड पाव घेऊन आल्या. बाई विनाकारण पाव देत नाहीत. पावाबरोबर सल्ला येतो. "अहो आकाना, आमचे हे गेले तेव्हा त्यांच्या गिटारीला मी डॉमिनोच्या सोंगट्या चिकटवल्या होत्या. छान दिसतात. ठिपके मोजून कुठली खुंटी कुठली तेही कळतं."

"वाजवता येते का अजून ती?" मी विचारलं.

"वाजवायची कशाला? भिंतीवर आहे."

शेवटी मी मुख्य भूमीवरच्या एका दुकानाला फोन केला. तिकडे म्हणे जुन्या वाद्यांचे सुटे भाग मिळतात. तिथल्या पोरीने सगळं गोड बोलून लिहून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "सॉरी सर, आम्ही परदेशात माल पाठवत नाही."

"बाई, हवाई परदेश नाही."

"हो का? पण तुमच्याकडे पैसे कुठले चालतात?"

मी तिला राज्य म्हणजे काय, हवाई राज्य कधी झालं, सगळं शांतपणे समजावलं. तिने तिच्या साहेबाला विचारलं. साहेब म्हणाला, राज्य असेल, पण मध्ये पाणी आहे. बहुतेक तिची, नाहीतर माझी, दया येऊन त्यांनी एकदाचं पार्सल पाठवलं. पण त्यावर मालाचं वर्णन लिहिलं, 'हस्तिदंती, सहा नग.' रंग हस्तिदंती, असं त्यांना म्हणायचं होतं. पार्सल इकडे आलं आणि तपासणीच्या खिडकीत अडकलं, कारण हस्तिदंत आणणं हा गुन्हा आहे.

खिडकीवर क्लाइड पाचेको बसला होता. आमच्यात ओळख निघायला वेळ लागत नाही. 'कुठल्या शाळेतला तू?' एवढं विचारलं की झालं. क्लाइड माझ्याच शाळेतला निघाला, दोन वर्षं मागे. आम्ही फुटबॉलच्या संघाची, एका गेलेल्या मास्तरांची, त्यांच्या बायकोच्या दुसऱ्या लग्नाची उजळणी केली. मागे रांग वाढत होती, पण कुणी तक्रार केली नाही, एक बाई तर मधूनच म्हणाल्या, "दुसरं नाही, तिसरं."

"मग देतोस ना पार्सल?" मी विचारलं.

"छे छे," क्लाइड म्हणाला. "हत्तीचा साहेब येऊन बघेपर्यंत नाही देता येणार, ब्रदर."

"अरे, तूच बघ ना. प्लास्टिक आहे ते."

"मला दिसतंय प्लास्टिक. पण मी पोपट-कासव बघतो. हत्ती दुसऱ्याकडे."

हत्तीचे साहेब माउई बेटावर लग्नाला गेले होते. ते परत आले, त्यांनी एका बटणाला तापलेली सुई टोचली, वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू हत्ती नाही म्हणून मीच त्यांना फसवलंय. वाढदिवस आठवड्यावर आला होता.

बटणं सुंदर होती. एकाला बारीक भोक होतं, ते मी खालच्या बाजूला फिरवलं. पण ती काड्यांवर बसेनात. मोरिकावांनी सांगितलं, काडी तापवा. मेडेरोसबाईंनी सांगितलं, बटण उकळा. आम्ही काडीही तापवली आणि बटणंही उकळली. त्यातलं एक मेडेरोसबाईंनी आणलेल्या राजम्याच्या सूपमध्ये पडलं, कारण आमच्या चुलीवर उकळतं भांडं तेवढंच होतं. ते शोधायला आम्ही तिघं पोटभर सूप प्यायलो. ते मोरिकावांच्या वाटीत निघालं. "मला वाटलं दात पडला," ते म्हणाले, आणि प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

पण बसली. सहाच्या सहा बसली. खुंट्यांना तेल दिलं, लाकूड पुसलं. बोटाच्या टोकाने फिरवलं तरी लोण्यासारखं फिरत होतं. मी अर्धा तास नुसता ती फिरवत बसलो होतो.

शनिवारी, वाढदिवसाच्या दिवशी, आम्ही वाइमानालोला निघालो. मेडेरोसबाईंनी सूप दिलं होतं आणि त्यात डुकराची सॉसेजं होती. डोंगरातल्या घाटाने डुकराचं मांस न्यायचं नाही, नेलं तर गाडी वाटेतच बंद पडते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून समुद्राकडच्या लांबच्या रस्त्याने गेलो, उन्हात तासभर तापलो. असल्या बाबतीत आम्ही चोख. एकही रीत चुकवायची नाही.

मोझेस आधीच ओसरीवर येऊन बसला होता. आंटीने केसांत फूल माळलं होतं. तिने पेटी उघडली, बटणांवरून बोट फिरवलं. "किती सुरेख बसवलीस रे!" ती म्हणाली. मग तिने अंगठा तारांवर ठेवला आणि खाली ओढला.

सैल तारांचा जो आवाज यायचा तो आला. तारा लाकडावर फटफटल्या.

आंटीने अंगठा परत वर नेला आणि परत ओढला. मग माझ्याकडे बघितलं.

"काळजी नको, आंटी," मी छाती फुगवून म्हणालो. "कुणीतरी हात लावला होता. ताणलेल्या सापडल्या मला. मी लगेच सगळ्या सोडून टाकल्या. ऐकलंसुद्धा नाही. रेडिओ लावला होता."

"रेडिओ लावला होतास," आंटी म्हणाली.

"मोठ्याने," नोहेआ अभिमानाने म्हणाली.

आंटी खुर्चीवर टेकली. मग तिने आम्हाला त्या दिवसाचं सांगितलं, ते जेवण, ती हाक, ते 'परत बसायचंय'. "दर रविवारी मी चर्चहून आले, की एकदा अंगठा फिरवायचे," ती म्हणाली. "एकदाच. जास्त केलं तर उतरतील म्हणून. उतरल्या होत्या थोड्या, पण सगळ्या मिळून उतरल्या होत्या. तो वय झाल्यावर जरा खालच्या आवाजात बोलायला लागला असता ना, तसं वाटायचं." मग मोझेसकडे वळून म्हणाली, "त्याची जुळणी तुला द्यायची ठरवली होती मी. माझ्यानंतर कुणाकडे तरी असावी. बटणं नसली तर तू तारा जरा वर कशा चढवणार, म्हणून दिली दुरुस्तीला."

मोझेसने मान खाली घातली. "तारा न सोडताही बटणं बसतात, वेन्डेल," तो हळूच म्हणाला. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं. मला भांडता तरी आलं असतं.

मला काय वाटलं ते सांगण्यासारखं नाही, पण सांगतो. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त, अंकलचा राग आला. इतकं काय लपवायचं होतं? घरातल्या एका माणसाला तरी ऐकू द्यायचं होतं.

"आंटी, तू गुणगुणून बघ," नोहेआ रडत म्हणाली. "मोझेस लावेल."

आंटीने डोळे मिटले. पहिली तार तिने लगेच सांगितली. मोझेस खुंटी पिळत होता, ती बोट वर-खाली करत होती. "अजून. अजून जरा. हां." दुसरी लागली. तिसरी लागली. पाचवी आणि सहावी लागली तेव्हा मोझेसच्या अंगावर काटा आला. त्याने मला हात दाखवला. "अशी कुणी लावत नाही," तो पुटपुटला. "कुठून सुचलं असेल म्हाताऱ्याला!"

चौथी राहिली.

"ही?" मोझेसने विचारलं.

"नाही."

"ही?"

"नाही. हिच्या जवळ. नाही, नाही, परत खाली घे."

तो खाली घेई, वर घेई. बटणं अशी लोण्यासारखी फिरत होती, की कुठल्याही सुरावर थांबता येत होतं. माझी बटणं. आंटी कान लावून बसली होती आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी उतरत गेलं. "आता मला पहिल्या पण नीट आठवेनाशा झाल्यात," ती म्हणाली. "जितक्या वेळा तू चुकीची वाजवतोस ना, तितकी ती पुसली जाते. राहू दे. सूप गार होतंय."

वाढदिवस थाटात झाला. मंडप भरला होता. मोझेसने सगळे वादक लावतात तशा तारा लावल्या आणि फार सुंदर वाजवलं. पाहुणे येऊन बटणांचं कौतुक करत होते; मोरिकावाही आले होते आणि प्रत्येकाला सांगत होते, की पहिली बटणं त्यांची होती. आंटी टाळ्या वाजवत होती. शेवटचं गाणं झालं, मोझेसने गिटार मांडीवरून उचलून खुर्चीवर ठेवली, तारा तशाच ठेवून, आणि जेवायला गेला. आंटी त्या गिटारीकडे बघत राहिली.

आम्ही निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली. हातात गिटार होती, नुसती, पेटीशिवाय.

"ही घेऊन जा," तिने ती नोहेआच्या हातात दिली.

"आंटी, नको, हे नको," मी म्हणालो. "मोझेसला द्या."

"त्याच्याकडे गिटारी आहेत. तू इतके कष्ट घेतलेस." तिने माझा गाल थोपटला. ती खरंच रागावली नव्हती. "पेटी मला राहू दे. तिला अजून त्याच्या केसांच्या तेलाचा वास आहे. यात आता त्याचं काही नाही रे. ही आता कुणाचीही आहे."

आमच्याकडे मोठ्या माणसाने दिलेलं नाही म्हणता येत नाही. नोहेआने ती घेतली. मी गाडी सुरू केली. येताना डुक्कर बरोबर नव्हतं, म्हणून घाटाने निघालो. गिटार नोहेआच्या मांडीवर आडवी होती. एका वळणावर तिला तोल सावरायला हात खाली टेकवावा लागला, तिचा अंगठा तारांवरून गेला, आणि गाडीत मोझेसच्या तारा वाजल्या. गोड, स्वच्छ, अगदी बिनचूक. तिने त्यांच्यावर तळहात ठेवला आणि घर येईपर्यंत तो उचलला नाही.